नऊ ओळींचा वेढा

चेंदणीच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं डीटीपीचं दुकान.
साखरपुड्याची कार्डं, दहाव्याच्या पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल,
आणि यंदा जूनपासून इतिहासाच्या नोट्स,
पानाला पंचावन्न रुपये.

पान एकशे बारा. सन सहाशे सव्वीस.
राजधानीला वेढा. ओळी नऊ.
शहराचं नाव एका ओळीत मावत नाही,
'कॉन्स्टँ'पाशी तुटतं, 'टिनोपल' खाली पडतं.
खाकानाला दहा दिवसांत जे जमलं नाही
ते माझ्या समासाने केलं.

अलीकडे आवारांचा खाकान,
ओली कातडी मढवलेले लाकडी मनोरे घेऊन.
पलीकडे इराणी फौज.
मध्ये पाणी. किती?
मी मास्तरांना फोन करून विचारलं, उगाचच.
म्हणाले, फार नाही,
एकमेकांच्या चुली दिसाव्यात इतकं.

खिडकीतून खाडीपलीकडे विटावा दिसतो.
कुणीतरी कचरा जाळत होतं. धूर सरळ वर जात होता.
एवढंसं पाणी,
आणि इराण्यांकडे एक होडी नाही.

होड्या स्लावांकडे,
एकेका झाडाचं खोड कोरून केलेल्या.
त्यांनी फक्त पलीकडची माणसं अलीकडे आणायची होती,
तरीचे फेरे मारायचे होते, बाकी काही नाही.
बादशहा शहरात नव्हता.
धर्मगुरू तटावरून तसबीर मिरवत होता.
खुणेचा जाळ दिसला तशा होड्या निघाल्या.
जाळ शहरवाल्यांनीच पेटवलेला.
आठवी ओळ:
सकाळी पाण्यावर तरंगणाऱ्या प्रेतांत
वल्हवणाऱ्या बायकाही होत्या.

धाकलीबाय नाखवा नातीच्या कार्डाचं प्रूफ बघायला आली होती.
तिला वाचून दाखवलं.
एकट्याला ती ओळ जड जात होती म्हणा.
"भांगाचं पानी व्हतं का उदानाचं?"
म्हटलं, तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच.
"मंग तो दर्या कसला."
चष्मा पुसला. कार्डावर बोट ठेवून
नातजावयाच्या आडनावातला काना दुरुस्त करायला लावला.
मग, दारातून:
"खोडाची होडी. दोघी वल्ह्यावर, तर तिसरी पानी उपसते.
उपसनारी पयली जाते.
तिच्या हातान डबा आसतो, धरायला काय नसतं."
पैसे बुधवारी देते म्हणाली.

मास्तरांचा फोन. पान वाहतंय, दोन ओळी उडवा.
कुठल्या?
तसबीर राहू दे, मुलांना गोष्ट लागते.
खाकान गेला तर वेढाच गेला.
साल परीक्षेला येतं.
सातवी-आठवी काढा ना, बायका कोण विचारतंय.

मी हो म्हटलं.
हो म्हणायचे पैसे पंचावन्नात धरलेलेच असतात.

मग पाऊण तास
शब्दांमधली हवा काढत बसलो.
वेलांट्यांना माना वाकवायला लावल्या,
ओळींची उंची अर्ध्या पॉइंटाने उतरवली,
तळाचा आकडा समासात ढकलला.
नऊच्या नऊ बसल्या,
गुडघ्याला गुडघा लावून,
काठ पाण्याला टेकेपर्यंत भरलेल्या.

नववी ओळ तशी सोपी आहे.
खाकानाने आपलेच मनोरे जाळले आणि निघून गेला.

बुधवारी धाकलीबाय आली नाही.
गुरुवारी आली, सुट्टे मोजून,
हाताला सोड्यांचा वास.
पावती घेतली, घडी केली, कमरेला खोवली,
आणि वळता वळता:
"पलीकडं बसलेल्यांना मंग कोनी सांगलं?
होरी तर नव्हती."

मी पान परत उघडलं.
वरपासून खालपर्यंत वाचलं, ती उभी असताना.
विटाव्याच्या बाजूला पुन्हा काहीतरी जळत होतं.